वाफवलेली माती

थोरली डोळ्यांचं ऑपरेशन करून तीन आठवडे लेकीकडे राहायला गेली, तेवढ्यात चिरंजीवांनी रोपवाटिका सुधारली.

आता सगळं लख्ख दिसेल, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि माणूस खोटं बोलला नव्हता. फाटकातून आत पाऊल टाकताच थोरलीला लख्ख दिसलं की कोपऱ्यातलं सुरूचं म्हातारं झाड जागेवर नाही. झाड नाही, झाडाखालची काळी माती नाही, की सुयांसारख्या बारीक पानांचा पाचोळा नाही. तिथे पांढऱ्या फरशा होत्या, फरशांवर काचेच्या दाराची खोली होती, आणि दारावर पाटी होती. थोरलीने ती एकेक अक्षर लावून वाचली. सल्ला कक्ष.

"कुणाला सल्ला?" तिने विचारलं.

"गिऱ्हाइकांना," चिरंजीव म्हणाले.

"आणि तुला कोण देणार?"

चिरंजीव म्हणजे थोरलीचा एकुलता एक मुलगा, वय वर्षं छत्तीस. दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन तो नुकताच परतला होता, आणि येताना चौकटीतलं एक सर्टिफिकेट आणि एक शब्द घेऊन आला होता. शब्द होता निर्जंतुक. तो तोंडी बसल्यापासून त्याला घरातलं काहीच पसंत पडेना. कुंड्या निर्जंतुक नव्हत्या, खुरपी निर्जंतुक नव्हती, आईचे हात तर त्या शब्दाच्या आसपासही फिरकले नव्हते. प्रशिक्षणात त्याला रोगट मुळांची चित्रं दाखवली होती, गाठीगाठींची. घरी येऊन त्याने म्हाताऱ्या सुरूचं एक मूळ उकरून पाहिलं, तर त्याला पोवळ्याच्या झुपक्यासारख्या तपकिरी गाठी लगडलेल्या. झालं. त्याला दुसरा पुरावा लागला नाही. झाड तोडलं, बुंधा उपटला, दोन हात खोल माती खरवडून काढली, ट्रकमध्ये भरून गावाबाहेरच्या खड्ड्यात टाकली आणि वर चुना ओतला.

"अख्खं झाड रोगट होतं, आई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "आणि तू वर्षानुवर्षं तो रोग हाताने वाफ्यावाफ्यांत वाटत होतीस."

रोगट झाड सल्ला कक्षाच्या चौपट उंच होतं, एवढंच त्या रोगाचं लक्षण. पण थोरलीने नजर फरशांवरून काढून घेतली. नव्या भिंगांवर ताण द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि रडायचं तर मुळीच नाही.

वाटत होती हे मात्र खरं. सुरूचं बी पेरायचं असलं की थोरली झाडाखाली बसायची, पाचोळा बाजूला करायची, मूठभर काळी माती काढायची आणि दुधाला विरजण लावावं तशी नव्या वाफ्यात मिसळायची. चाळीस वर्षं हेच. का, ते तिला ठाऊक नव्हतं. सासूबाई मिसळायच्या म्हणून ती मिसळायची. सासूबाईंना का म्हणून विचारायची सोय नव्हती. विचारलं की त्या आणखी एक काम सांगत.

त्या वर्षीचं काम मोठं होतं. वादळाने किनाऱ्यावरची सुरूची रांग आडवी केली होती, आणि रांगेमागच्या शाळेत वाळू शिरत होती. पोरं वही उघडण्याआधी झटकत, मास्तर फळा पुसण्याआधी डोळे पुसत. नगरपालिकेच्या उद्यान खात्याच्या अधिकाऱ्याने बाराशे रोपं सांगितली होती. सहा महिन्यांनी तो स्वतः येणार, रोपं उपटून मुळं पाहणार, मगच नेणार. रोपवाटिकेची जागा नगरपालिकेची. गावाला झाडं पुरवायची, या एका अटीवर ती सासूबाईंच्या काळापासून या घराकडे होती, आणि शेजारच्या बाजारातल्या लोकांना तिथे गाड्या लावायला किती छान होईल, याची स्वप्नं पडू लागल्यालाही बरीच वर्षं झाली होती. रोपं नापास झाली तर त्यांची स्वप्नं खरी होणार होती.

चिरंजीवांनी कामाला हात घातला. तेलाचं रिकामं पिंप आणलं, मधोमध जाळी बसवली, जाळीवर माती, खाली पाणी, वर ओलं पोतं, आणि पिंपाखाली जाळ. सर्दी झालेल्या माणसाला देतात तसा मातीला वाफारा. अर्धा तास धूर आणि वाफ. गांडुळं, किडे, बुरशी, जे काही मातीत नांदत होतं ते सगळं शिजलं. थोरली खुर्ची टाकून बघत बसली.

"मीठ घातलंस का?" तिने एकदा विचारलं. चिरंजीव घड्याळ लावून वेळ मोजत होते.

खोटं कशाला बोला, बी मात्र देखणं उगवलं. शंभर जादा धरून तेराशे पिशव्यांत तेराशे कोंब, शाळेच्या कवायतीसारखे सरळ. थोरलीच्या वेळी चारातला एक कोंब मानेशी कुजून आडवा पडायचा. इथे एकही पडला नाही. चिरंजीव दिवसातून तीनदा रांगांमधून फिरत, हात पाठीमागे बांधून. थोरलीने हार मानली, म्हणजे दोन आठवडे तोंड उघडलं नाही. सूनबाईने ते दोन आठवडे मनात जपून ठेवले.

मग रोपं थांबली.

चार बोटं वाढली आणि तिथेच उभी राहिली, जशी काही पुढचं काम कुणी सांगितलंच नाही. दीड महिन्याने पिवळी पडू लागली. चिरंजीवांनी पांढरं खत पाण्यातून दिलं. आठवडाभर रोपं हिरवीगार झाली, चिरंजीवांचा चेहरा त्यांच्याहून टवटवीत. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पिवळी. पुन्हा खत, पुन्हा तेच. अधिकाऱ्याने तर आधीच निरोप ठेवला होता की खतावर पोसलेली रोपं दाखवायची नाहीत. किनाऱ्यावर वाळूत त्यांच्या मागे चमचा घेऊन कोण फिरणार?

थोरलीला औषध ठाऊक होतं. पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि आईला विचारायचं नाही, असं चिरंजीवांनी. दोघंही एकाच हाडाची. तिकडे रोपं वाळत होती, इकडे दोघं एकमेकांकडे न बघता रांगांमधून फिरत होती.

"झोपू दे बिचाऱ्यांना," थोरली खुर्चीतून म्हणायची. "वाफारा घेऊन दमली असतील."

शेवटी सूनबाई आली. ही मुलगी कमी बोलायची, आणि म्हणून थोरलीला तिची थोडी भीती वाटायची. दुपारी चिरंजीव सल्ला कक्षात कुणी गिऱ्हाईक येतं का याची वाट बघत बसले होते, तेव्हा ती खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

"आई, तुमचं दोघांचं चालू द्या," ती म्हणाली. "पण त्या शाळेत माझ्या बहिणीची दोन पोरं आहेत. काय घालायचं ते मला सांगा."

थोरलीने सांगितलं. म्हाताऱ्या सुरूखालची माती. दुसरी कुठलीही नाही, सुरूचीच.

"ती आता कुठे मिळेल?"

थोरलीने खुर्चीतल्या खुर्चीत मान मागे वळवली. तिची खुर्ची कायम फाटकाकडे तोंड करून असायची, आणि त्याला कारण होतं. पाठीमागे, दोन गल्ल्या सोडून, घरांच्या छपरांवरून एका सुरूचा शेंडा दिसायचा. वादळातून वाचलेल्यांपैकी गावात आता तेवढं एकच झाड उरलं होतं. बावीस वर्षं थोरलीने त्याच्याकडे पाठ करून खुर्ची ठेवली होती, कारण ते झाड धाकटीच्या अंगणात होतं.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. भाऊ वेगळे झाले तेव्हा थोरल्याकडे रोपवाटिका आली आणि धाकट्याकडे दोन गल्ल्यांपलीकडचं घर. निघताना धाकटीने एक सुरूचं रोप मागितलं आणि त्याच्यासाठी पाटीभर झाडाखालची माती. थोरलीने रोप दिलं. माती द्यायला मात्र मूठ भरली, वर आलेला उंचवटा दुसऱ्या हाताच्या बोटाने पुसून सपाट केला आणि म्हणाली, "पुरे. तुझ्या हाताने काय उगवणार आहे." तेव्हापासून दोघी जावांनी एकमेकींचा उंबरा पाहिला नव्हता. पुढे दोघे भाऊ गेले, पण बायकांचं भांडण ठणठणीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने धुतलेली चप्पल घातली आणि निघाली. दोन गल्ल्या. तिने चार घेतल्या, वळसा घालून, म्हणजे विचार बदलायला वेळ मिळावा.

धाकटी समोरच्या खोलीत शिवणयंत्रावर बसली होती. खिडक्यांचे पडदे शिवत होती, लांबच लांब, कापडाचा ढीग पायापाशी. थोरली दारात उभी राहिली तरी तिचे पाय पायट्यावर चालूच.

"या, जाऊबाई," ती मान वर न करता म्हणाली. "रस्ता चुकलात?"

"नाही. डोळे केले ना, म्हटलं बघून यावं."

"काय?"

"तुझी शिवण सरळ येते का ते."

धाकटीने पडदा पुढे सरकवला. शिवण सरळ होती. थोरलीने ती पार दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली, कुठेतरी वाकडी निघेल या आशेने. निघाली नाही.

मग गुडघ्यांचं झालं. हवेचं झालं. डॉक्टर किती तरुण होता आणि त्याचे हात किती गार होते, तेही झालं. धाकटी हं हं करत राहिली आणि यंत्र खडखडत राहिलं. मागच्या दारातून सुरूचा तो लांबलचक सूं सूं आवाज येत होता, तिकडे लक्षच नाही असं थोरली दाखवत होती. बावीस वर्षांत एका मुठीचं एवढं झालं होतं की मागच्या दारातून त्याचा नुसता बुंधाच दिसत होता.

"तुझ्या झाडाखालची थोडी माती हवी होती," अखेर ती म्हणाली.

"तुमच्याकडे आहे की झाड."

झाड आता नाही, हे धाकटीला चांगलं ठाऊक होतं. तिच्या छतावरूनही रोपवाटिकेतला शेंडा दिसायचा, आणि तो दिसेनासा झाल्याचा दिवसही तिच्या लक्षात असणार.

"होतं. चिरंजीवांनी सुधारणा केली."

"अगंबाई. मग तिथे आता काय आहे?"

"सल्ला कक्ष."

धाकटीचे ओठ हलले, पण हसू तिने परत गिळलं. बाईचा ताबा मोठा. "किती हवी माती?"

"पाटीभर."

"आणि मला किती दिली होतीत?"

धाकटीने दोरा दाताने तोडला, दुसरा पडदा यंत्राखाली घेतला आणि पुन्हा पाय चालू केले.

"बावीस वर्षं मी एकच गोष्ट डोक्यात घोळवतेय, जाऊबाई. मला वाटायचं, चांगलं ते काढून घेऊन उरलेली माती तुम्ही मला दिलीत. मग झाड वाढायला लागलं. घराच्या वर गेलं. वादळात आख्खी रांग पडली आणि हे उभं राहिलं. खत नाही, काही नाही, नुसतं वाळूवर. तेव्हा एवढं सांगा, मग माती न्या. त्या मुठीत होतं काय?"

उत्तर थोरलीच्या जिभेवर तयार होतं. हातगुण. चाळीस वर्षं तिने ते गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना, नवऱ्यालाही ऐकवलं होतं आणि ते कुठेही खपायचं. पण समोर बसलेल्या बाईच्या अंगणात पुरावा सूं सूं करत होता, आणि त्याला पाणी घालणारा हात थोरलीचा नव्हता. शिवाय खोटं पकडलं गेलं असतं तर मातीही गेली असती, आणि मातीबरोबर बाराशे रोपं, आणि रोपांबरोबर सासूबाईंपासूनची जागा. थोरलीने दाराची चौकट धरली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

यंत्र थांबलं.

"काय म्हणालात?"

"एकदा म्हटलं तेवढं पुरे. मला माहीत नाही. सासूबाई घालायच्या म्हणून मी घालायची. त्यांनाही माहीत नसणार. असतं तर मला दिवसातून दहा वेळा ऐकवलं असतं."

आता मात्र धाकटी हसली. तोंडावर पडदा धरून, खांदे हलेपर्यंत हसली. सासूबाई तिलाही होत्या.

मागच्या अंगणात तिने खुरपं घेतलं आणि बुंध्यापाशी बसली. सुयांचा जाड थर बाजूला केला, तशी खालून ओलसर काळी माती निघाली, पावसानंतरच्या लाकडासारखा वास येणारी. तिच्यात कोळ्याच्या जाळ्याहून बारीक पांढरे धागे विणले होते. एक गांडूळ घाईघाईने आत गेलं. एका बारीक मुळावर त्याच गाठी होत्या, पोवळ्याचे तपकिरी झुपके. धाकटीने मूठ भरली. वर आलेला उंचवटा दुसऱ्या हाताच्या बोटाने पुसला, सावकाश, अगदी काठाला काठ. मग ती मूठ तिने थोरलीच्या ओंजळीत रिकामी केली.

"ही तुमची," ती म्हणाली. "झाली फिट्टंफाट. आता ती कोपऱ्यातली पाटी इकडे करा. आणि मी येतेय तुमच्याबरोबर. माझी माती नेऊन तुमच्या घरात कुणी उकडली तर मला चालायचं नाही."

असा तो लवाजमा रोपवाटिकेत आला. पुढे धाकटी, मागे पाटी घेऊन थोरली. सूनबाईने मातीबरोबर आलेल्या गाठीही वाया नकोत म्हणून ठेचून पाण्यात कालवल्या, थोरलीने प्रत्येक पिशवीत बोटाने भोक पाडलं, धाकटीने चिमूट चिमूट माती सोडली, वरून ते पाणी. चिरंजीव काचेचं दार उघडून धावत आले.

"आई, काय करतेस? रोग लागेल सगळ्यांना."

"तेच करतेय. तूही बस, दोन हात वाढले तर लवकर लागेल."

चिरंजीवांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग काकूकडे. बावीस वर्षांनी घरात आलेल्या बाईशी काय बोलायचं, ते प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. साठ पिशव्या मात्र त्यांनी उचलल्या आणि हातही लावू न देता भिंतीपाशी वेगळ्या ठेवल्या. या निर्जंतुकच राहणार, म्हणजे कोण बरोबर ते कळेल. मग ते सल्ला कक्षात जाऊन दार लावून बसले. दार काचेचं असल्यामुळे रुसलेला माणूस बाहेरून सगळ्यांना नीट दिसत होता.

पाच आठवडे काही झालं नाही. धाकटी रोज दुपारी पहाऱ्याला येऊन बसायची, थोरली रोज सकाळी उठून पाणी द्यायच्या निमित्ताने प्रत्येक रांगेशी वाकायची. गुडघे दुखतात अशी तक्रार तिने त्या पाच आठवड्यांत एकदाही केली नाही; वाकायचं कारण कुणी विचारलं असतं. रात्रीची झोप तर तिने बाजारातल्या गाड्यांना कधीच देऊन टाकली होती.

सहाव्या आठवड्यात शेंड्यांना हिरवा रंग चढला. आतून आलेला, खताचा उसना नाही. सूनबाईने एक रोप उपटून पाण्यात मूळ धुतलं. त्यावर मोहरीएवढ्या गाठी धरल्या होत्या. तिघी त्या मुळाकडे अशा बघत राहिल्या की जणू घरात बाळ आलंय, आणि मग थोरलीने घाईघाईने म्हटलं की बघत काय बसलात, पाणी द्यायचं राहिलंय.

चिरंजीवांनी प्रशिक्षकांना फोन लावला. फोन बराच वेळ चालला. काचेतून त्यांची मान हलताना दिसत होती, आधी नाही नाही अशी, मग हो हो अशी. बाहेर आले ते गंभीर होऊन, आणि आईसमोर उभं राहून त्यांनी आईला समजावून सांगितलं की आई चाळीस वर्षं काय करत होती. त्या गाठी रोगाच्या नव्हत्या. गाठीत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. झाड त्यांना आसरा देतं, पानांत बनवलेली साखर देतं, आणि ते हवेतलं नत्र, म्हणजे रोपाचं खतच, ओढून झाडाला देतात. आणि ते पांढरे धागे बुरशीचे, पण भल्या बुरशीचे. मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी ते आणून देतात. नुसत्या वाळूत सुरू उभं राहतं ते या सगळ्यांच्या जिवावर.

"हे तुला त्या दहा दिवसांत सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी." चिरंजीव पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. "तेव्हा आम्हाला सर्टिफिकेटच्या फोटोसाठी रांगेत उभं केलं होतं."

थोरलीने मान डोलावली. "फोटो चांगला आलाय," ती म्हणाली, आणि पाण्याचा झारा उचलला. त्या दिवशी तिने त्याला एवढंच सुनावलं. बाकीचं तिने राखून ठेवलं. अजून बरीच वर्षं काढायची होती.

ठरल्या दिवशी अधिकारी आला. शांत माणूस, नखांत माती. त्याने कुणाला न विचारता वेगवेगळ्या रांगांतली आठ रोपं उपटली, मुळं झटकली, अंगठ्याने गाठी चाचपल्या. रोपं वीतभराच्या वर गेली होती. "गाडी उद्या येईल," तो म्हणाला, आणि कागदावर सही केली. मग त्याची नजर भिंतीपाशी गेली. तिथे साठ पिशव्या होत्या, चार बोटं उंच, पिवळ्या, नीटनेटक्या.

"ही कुठली रोपं?"

"ती आमची सर्टिफिकेटवाली," थोरली म्हणाली.

एक रोप तिने मोजणीतून बाजूला काढलं होतं. गाडी गेल्यावर तिने चिरंजीवांच्या हातात घण दिला आणि त्यांना सल्ला कक्षात नेलं. म्हातारं झाड नेमकं कुठे होतं, ते तिने पायाने मोजून दाखवलं. टेबलाच्या डाव्या अंगाला, गिऱ्हाइकाच्या खुर्चीखाली. चिरंजीवांनी खुर्ची सरकवली, आईकडे पाहिलं, आणि चार फरशा फोडल्या. खड्डा त्यांनीच केला, न सांगता जरा जास्तच खोल. धाकटीने घरून पाटी आणली होती. तिने मूठ भरली. थोरलीची नजर त्या मुठीवर खिळली. या वेळी धाकटीने वरचा उंचवटा पुसला नाही. मूठ खड्ड्यात टाकली, मग दुसरी, आणि थोरलीने रोप आत उभं धरल्यावर अख्खी पाटी उलटी केली.

चिरंजीव वर छताकडे बघत होते. तिथे त्यांनी नवीन दिवे बसवले होते.

"हे छताला लागेल, आई," ते म्हणाले.

"लागेलच."

"मग काय करायचं?"

थोरलीने गिऱ्हाइकाची खुर्ची रोपाशेजारी ओढली, धाकटीला तिच्यावर बसवलं आणि हात झटकले.

"बस इथेच," ती मुलाला म्हणाली. "दारावरची पाटी तुझीच आहे. कुणीतरी येईल सल्ला द्यायला."